सारख्या बदल्या, महिनोन्‌महिने घराबाहेर असलेले बाबा : फौजी घरातल्या मुलांचं खरंच काय होतं?

प्रश्न एका आईचा आहे. नवरा फौजेत, मुलगी चौदा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. काही महिन्यांत पुन्हा बदली आहे आणि नवीन ठिकाणी सामान लागतंय न लागतंय तोवर नवऱ्याची फील्ड पोस्टिंग, म्हणजे तिथं कुटुंब नेता येणार नाही. मुलगा फोनवर बाबांशी बोलतच नाही, मुलगी म्हणते नवीन शाळेत मी कुणाशीच मैत्री करणार नाही. नातेवाईक म्हणतात फौजी पोरं आपोआप कणखर होतात, कशाला काळजी करतेस. तिला विचारायचंय की हे खरंच आपोआप होतं का, की आपण मुलांचं नुकसान करतोय, आणि मुलांना एका जागी ठेवून द्यावं का.

मी मुलांची समुपदेशक आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत सैनिकांची कुटुंबं बरीच वर्षं सगळ्यात जास्त आहेत, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी सरळ उत्तर. आपोआप काहीच होत नाही, कणखरपणा पण नाही आणि नुकसान पण नाही. त्याच बदल्या, त्याच फील्ड पोस्टिंग, एकाच युनिटमधली दोन घरं, आणि एका घरातलं मूल छान फुलतं, दुसऱ्या घरातलं आतल्या आत मिटत जातं, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता मी पहिल्या भेटीत मुलाबद्दल कमी आणि घरी मागे राहणाऱ्या मोठ्या माणसाबद्दल जास्त विचारते. बहुतेक वेळा ती आई असते, कधी बाबा असतो कारण बायको फौजेत असते, कधी आजी-आजोबा. ते माणूस झोपतंय का, जेवतंय का, त्याला बोलायला कुणी आहे का. मुलाचं काय होणार हे सगळ्यात जास्त तिथं ठरतं.

हे फक्त माझं मत नाहीये. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड भागात लहान मुलांसाठी पाळणाघरं चालवली होती. बॉम्बहल्ल्याच्या वेळी जी मुलं आपल्या आईजवळ होती आणि जिची आई स्वतः घाबरून गेलेली नव्हती ती मुलं बऱ्यापैकी सावरत होती, आणि सुरक्षित जागी पाठवलेली पण आईपासून तुटलेली मुलं जास्त कोलमडत होती, असं त्यांना दिसलं. अलीकडचं बघायचं तर इराक-अफगाणिस्तानच्या काळात अमेरिकी सैन्यातल्या कुटुंबांवर बरेच अभ्यास झाले. 2010 मध्ये अनिता चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 11 ते 17 वयाच्या दीड हजारांच्या आसपास मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दोन गोष्टी ठळक होत्या : आई किंवा वडील एकूण जितके जास्त महिने बाहेर तितका मुलांचा त्रास जास्त, आणि घरी असलेल्या पालकाचं मानसिक आरोग्य बिघडलेलं असेल तर मुलांचा त्रास जास्त. त्यातच असंही दिसलं की वयाने मोठ्या मुलांना आणि सगळ्याच वयाच्या मुलींना अडचणी जास्त येतात. म्हणून या प्रश्नातल्या चौदा वर्षांच्या मुलीकडे माझं लक्ष सात वर्षांच्या मुलापेक्षा जास्त जातंय. मुलगा फोन टाळतोय ते डोळ्याला दिसतंय, मुलगी मात्र घर सांभाळू लागेल, भावाचा अभ्यास घेईल, आईला त्रास नको म्हणून गप्प राहील आणि सगळे म्हणतील किती समजूतदार आहे.

तर पहिलं काम आईचं स्वतःचं. ऐकायला बरं वाटत नाही कारण आईला वाटतं आत्ता स्वतःकडे बघणं म्हणजे स्वार्थ. तसं अजिबात नाही. फील्ड पोस्टिंग सुरू व्हायच्या आधीच ठरवून ठेवा की आजारी पडलात तर मुलांना कोण बघेल, रात्री अपरात्री फोन कुणाला करायचा, आठवड्यातून एकदा तरी दोन तास तुमचे स्वतःचे कसे निघतील. शेजारी त्याच युनिटमधली कुणी असेल तर आधी बोलून ठेवा, तिलाही तीच गरज असते, फक्त कुणी पहिल्यांदा बोलत नाही. आणि रडू आलं तर मुलांसमोर रडलात तरी चालेल, फक्त नंतर त्यांना सांगा की आज मला बाबांची आठवण आली म्हणून रडले, आता बरं वाटतंय. मुलांना आई रडते याची भीती नसते, आई का रडते हे कुणी सांगत नाही याची असते.

आता बदलीबद्दल. मोठे लोक बदली म्हणजे सामान, ट्रक, क्वार्टर, शाळेचा दाखला असं बघतात. मुलाच्या दृष्टीने ती एका वेळी पन्नास गोष्टी जाण्याची घटना असते आणि त्यातल्या बऱ्याच आपल्याला माहीतच नसतात, म्हणजे ठराविक झाड, बसमधली ठराविक सीट, एक शिक्षिका जी नावाचा उच्चार बरोबर करायची. याचं दुःख करायला मुलाला वेळ मिळत नाही कारण आपण लगेच पुढचं चांगलं सांगायला लागतो, तिथं मोठं मैदान आहे, तिथं स्विमिंग पूल आहे. सांगा, पण आधी जाणाऱ्या गोष्टींबद्दल ऐकून घ्या. मी पालकांना सांगते की निघायच्या आधी मुलाला त्याच्या जागांवर एक फेरी मारू द्या, फोटो काढू द्या, कुणाकुणाला टाटा करायचाय त्याची यादी त्यालाच करू द्या. मध्यरात्री किंवा पहाटे घाईत गाडीत बसवून नेलेली मुलं मोठेपणी पण ते बोलून दाखवतात.

मैत्रीचं एक सांगायलाच हवं कारण हे घराघरात होतं आणि त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. बदलीच्या आधी दोन-तीन महिने मूल अचानक सगळ्यात जवळच्या मित्राशी भांडायला लागतं, त्याच्याकडे जाणं बंद करतं. आई म्हणते वय तसंय, किंवा मित्रच तसा आहे. खरं म्हणजे भांडून निघणं सोपं असतं, जिच्याशी पटत नाही तिला सोडून जायला कमी त्रास होतो, आणि मुलं हे ठरवून करत नाहीत, होऊन जातं. तुमची मुलगी जे म्हणतेय की आता मैत्रीच करणार नाही ते याच्या पुढचं पाऊल आहे. तिला तिथं "असं कसं, मैत्रिणी तर होतातच" म्हणू नका. तिचं गणित बरोबर आहे, तिने तीन-चार वेळा जीव लावला आणि प्रत्येक वेळी सोडावं लागलं. तिला म्हणा की तुला पुन्हा पुन्हा सोडावं लागलं हे खरंच अवघड आहे आणि त्यात तुझी काही चूक नव्हती. एवढंच. त्यानंतर गप्प बसा आणि ती काय बोलते ते ऐका. आणि जुन्या मैत्रिणींपैकी एक तरी मैत्री टिकवायला घर म्हणून मदत करा, नुसता फोन नंबर देऊन नाही, सुट्टीत एकदा तरी प्रत्यक्ष भेट घडवून. एक मैत्री बदलीनंतर पण टिकली असा अनुभव आला की पुढच्या मैत्रीला मूल घाबरत नाही, हे मी कितीतरी मुलींमध्ये पाहिलंय.

शाळेचं नुकसान बहुतेक वेळा हुशारीचं नसतं, भोकांचं असतं. एका शाळेत अपूर्णांक पुढच्या सत्रात असतात, दुसऱ्या शाळेत ते मागच्या सत्रात होऊन गेलेत, झालं, मुलाने अपूर्णांक कधी शिकलेच नाहीत आणि दोन वर्षांनी सगळे म्हणतात गणित कच्चं आहे. भाषा बदलली तर आणखी वेगळं. म्हणून प्रत्येक शाळेतून निघताना फक्त दाखला आणि गुणपत्रिका नाही तर प्रत्येक विषयात कुठपर्यंत शिकवून झालंय ते लिहून घ्या, वह्या टाकू नका, आणि नवीन शाळेत पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटून सांगा की हे फौजी घरातलं मूल आहे, वडील अमुक महिन्यापासून बाहेर असणार आहेत. शिक्षकाला माहीत असेल तर निबंधाला "माझे बाबा" विषय देताना तो थोडा विचार करतो. हा प्रश्न इतका जुना आणि इतका सगळीकडचा आहे की देशोदेशींच्या सरकारांना त्यासाठी वेगळी सोय करावी लागली. भारतात 1963 मध्ये केंद्रीय विद्यालयांची सुरुवात झाली ती बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या, त्यात सैनिक आलेच, मुलांना सगळीकडे एकच अभ्यासक्रम मिळावा म्हणून. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे शाळेचे नियम वेगळे, त्यामुळे 2008 पासून राज्याराज्यांत एक करार आहे की सैनिकाच्या मुलाला प्रवेश, वर्ग आणि पास होण्याच्या अटी यांत बदलीमुळे अडकवायचं नाही, आणि आता सगळी 50 राज्यं त्यात आहेत. इंग्लंडमध्ये 2011 पासून अशा मुलांसाठी शाळांना वेगळा निधी मिळतो. तुमच्याकडे अशी जी काही सोय असेल ती हक्काने मागा, त्यात लाज कसली.

आता मुख्य गोष्ट, बाबा फील्डला जाणं. नौदलातल्या पत्नींबरोबर काम करणाऱ्या कॅथलीन लोगन यांनी 1987 मध्ये लिहिलं होतं की हा काळ सात टप्प्यांतून जातो आणि तो निघायच्या दिवशी सुरू होत नाही, आधीच सुरू होतो. जायच्या आधीचे आठवडे घरात सगळ्यात जास्त चिडचिड होते, नवरा-बायको बारीकसारीक गोष्टींवरून भांडतात, एकमेकांपासून लांब लांब राहतात, आणि दोघांनाही वाटतं आपलं काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं नसतं, मन आधीच तुटायची तयारी करत असतं. मूल मात्र हे बघून वेगळाच निष्कर्ष काढतं की आई-बाबा भांडले म्हणून बाबा गेले. चार-पाच वर्षांचं मूल तर त्याहून पुढे जातं, मी हट्ट केला म्हणून बाबा गेले असं त्याला मनापासून वाटतं आणि तो ते कुणाला सांगत नाही. म्हणून न विचारता सुद्धा त्याला सांगायचं, बाबा त्यांच्या कामासाठी जातायत, तू काही केलंस म्हणून नाही. आणि एकदा नाही, अनेकदा.

जाताना चोरून जाऊ नका. मूल झोपलेलं असताना निघालं की रडारड होत नाही, मोठ्यांना सोपं जातं, पण त्या मुलाला मग झोपायचीच भीती बसते कारण झोपलं की माणसं नाहीशी होतात. रडू दे. रडून निरोप घेतलेलं मूल न रडता फसवलेल्या मुलापेक्षा लवकर सावरतं.

आणि एक वाक्य कृपा करून कुणी म्हणू नका, "आता तू घरातला पुरुष", किंवा मुलीला "आता आईला तूच सांभाळ". निघताना अभिमानाने म्हटलं जातं, आजोबा म्हणतात, शेजारी म्हणतात, स्वतः वडील म्हणतात. सात वर्षांच्या मुलाला ते वाक्य अक्षरशः खरं वाटतं. मग तो रात्री उठून दाराची कडी तपासतो, आईला ताप आला तर शाळेत जायला नकार देतो, आणि त्याला काही होत असेल तर सांगत नाही कारण घरातला पुरुष रडत नाही. काम द्या, झाडाला पाणी घालणं, कॅलेंडरवर खूण करणं, काहीही, पण बाबांची जागा देऊ नका. जाताना वडिलांनी म्हणायचं ते असं, आई तुमची काळजी घेणार आहे आणि आईची काळजी घ्यायला मोठी माणसं आहेत, तुझं काम शाळा आणि खेळणं.

फोनवर न बोलणाऱ्या मुलाबद्दल. सात वर्षांच्या मुलाला "बोल ना बाबांशी, काय केलंस आज" म्हणून फोन हातात दिला की त्याला सुचत नाही, आणि बाबा लांबून ऐकतायत, नेटवर्क तुटतंय, आई बाजूला उभी राहून खुणा करतेय. शिवाय फोन ठेवल्यावर बाबा पुन्हा जातात, प्रत्येक फोन म्हणजे एक छोटा निरोप, म्हणून काही मुलं फोनच टाळतात. हे बाबांवर राग म्हणून नसतं आणि बाबांना तसं नीट सांगा, कारण तिकडे एकट्याने बसलेला माणूस हे फार मनाला लावून घेतो. उपाय साधे आहेत. बोलण्यापेक्षा दोघांनी मिळून काहीतरी करावं, बाबांनी गोष्ट वाचावी, एकच कोडं दोघांनी सोडवावं, मुलाने चित्र दाखवावं. फोन लहान ठेवा. जायच्या आधीच बाबांच्या आवाजात गोष्टी रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे नेटवर्क नसलेल्या दिवशी पण आवाज घरात राहतो. आणि फोनची वेळ पक्की सांगू नका, फील्डमध्ये ती पाळता येत नाही आणि सांगितलेल्या वेळेला फोन नाही आला की मोठी मुलं गप्पपणे सगळ्यात वाईट कल्पना करतात. "जमेल तेव्हा करतील, नाही आला तर त्याचा अर्थ नेटवर्क नाही किंवा काम आहे" हे आधीच ठरलेलं असू दे. तणावाच्या काळात घरात बातम्यांचं चॅनेल चालू ठेवू नका, लहान मुलाला तोच स्फोट दहा वेळा दाखवला की तो दहा स्फोट झाले असं समजतो. मुलगी मोबाईलवर बघणारच आहे, तिला बंदी घालण्यापेक्षा रोज विचारा आज काय वाचलंस आणि जे खरं माहीत आहे तेवढं सांगा.

आता ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं ते, परत येणं. सगळ्यांना वाटतं अवघड काळ संपला. माझ्याकडे मात्र जास्त कुटुंबं बाबा परत आल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत येतात. रूबेन हिल नावाच्या समाजशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या सैनिक-कुटुंबांचा अभ्यास करून 1949 मध्ये दाखवलं होतं की ताटातूट नीट निभावली म्हणजे पुनर्भेट पण नीट होईलच असं नाही. ज्या घराने वडिलांशिवाय चालायची इतकी चांगली सवय केली की त्यांची जागाच भरून गेली, त्या घराला ती जागा पुन्हा मोकळी करणं जड जातं. बाबा येतात, त्यांना वाटतं मी घरचा कर्ता, ते झोपायच्या वेळा बदलतात, मुलीच्या कपड्यांवर बोलतात, युनिटमध्ये जसा आवाज लावतात तसा घरात लावतात. मुलगी म्हणते, तुम्ही इतके दिवस नव्हताच ना. वडिलांना ते वाक्य टोचतं, आई मध्ये सापडते.

लहान मुलांचं वेगळं असतं. जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी 1950 च्या दशकात आईबापांपासून दूर राहिलेल्या लहान मुलांमध्ये तीन अवस्था नोंदवल्या होत्या, आधी आकांत, मग खिन्नता, मग अलिप्तपणा. त्या तिसऱ्या अवस्थेतलं मूल परत आलेल्या माणसाकडे बघतच नाही, आईच्या मागे लपतं, खेळत राहतं. बाबा विमानतळावरून किंवा स्टेशनवरून हात पसरून येतात आणि मूल तोंड फिरवतं, याच्याइतकं फौजी माणसाला दुसरं काही हलवत नाही. त्याला सांगून ठेवायचं की हे होईल, हे प्रेम नसल्याचं लक्षण नाही, मूल परत भरवसा ठेवायला घाबरतंय. जमिनीवर बसा, जवळ ओढू नका, त्याला येऊ द्या, कधी एक दिवस लागेल कधी तीन आठवडे. आणि आल्यावर पहिला महिना वडिलांनी घरात नियम बदलू नयेत, आधी बघावं की आता घर कसं चालतं, मुलांनाच विचारावं. शिस्त नंतर.

काही वडील किंवा आई परत येतात पण पूर्ण परत येत नाहीत. दार आपटलं की दचकतात, गर्दीत जात नाहीत, झोपेत ओरडतात, एकदम भडकतात किंवा दिवसभर गप्प. अशा घरातलं मूल पाय न वाजवता चालायला शिकतं. पॉलिन बॉस यांनी 1970 च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना ज्याला संदिग्ध वियोग म्हणता येईल ती गोष्ट मांडली, माणूस शरीराने नाही पण मनात कायम आहे, किंवा शरीराने समोर आहे पण मनाने नाही, दोन्हीत कुटुंब अडकून पडतं कारण धड दुःखही करता येत नाही. फौजी मूल एकाच वर्षात दोन्ही अनुभवू शकतं. त्याला वयाप्रमाणे सरळ सांगा की बाबांनी तिथं फार अवघड गोष्टी बघितल्या, त्यामुळे त्यांचं मन अजून सावध आहे, डॉक्टर मदत करतायत, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही. उपचार घेणं म्हणजे कमीपणा हे जे डोक्यात बसलंय ते निदान मुलांच्या डोक्यात तरी घालू नका. आणि घरात मृत्यू आलाच तर मुलाला "बाबा दूर गेले" सांगू नका, तो वाट बघत बसतो कारण बाबा नेहमीच दूर जायचे आणि परत यायचे. मेले हाच शब्द वापरा, जवळ घेऊन.

रँकबद्दल दोन शब्द. मुलांना वडिलांचा हुद्दा फार लवकर कळतो, कुठल्या क्वार्टरमधलं मूल कुणाच्या वाढदिवसाला जातं, कुणाच्या वडिलांना कुणाचे वडील सॅल्यूट करतात. त्यातून काही मुलांना विनाकारण मोठेपणा येतो, काहींना विनाकारण कमीपणा, आणि दोन्ही त्यांनी कमावलेलं नसतं. हे घरातच थांबवता येतं, मोठ्यांनी घरात माणसांबद्दल हुद्द्याने बोलायचं थांबवलं की.

मग चांगलं काय आहे? खूप आहे, आणि ते मी सांत्वन म्हणून सांगत नाहीये. मोठी झालेली फौजी मुलं मी बघते तेव्हा काही गोष्टी खरंच वेगळ्या असतात. अनोळखी खोलीत शिरून बोलणं सुरू करणं, दोन-तीन भाषा कानावर पडलेल्या असणं, वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या प्रांताच्या माणसाबद्दल भीती नसणं कारण तो शेजारीच राहायचा आणि त्याच्या घरी ताप आला तेव्हा आपली आई गेली होती. संकटात काय करायचं याची सवय. काम हे पगारापलीकडचं असू शकतं हे घरात रोज बघितलेलं असणं, आणि म्हणूनच पुष्कळ फौजी मुलं पुढे स्वतः फौजेत जातात. जॉन आणि रूथ युसीम हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ 1950 च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करत होते, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की अशी फिरती मुलं आईबापांच्या संस्कृतीतलीही पूर्ण नसतात आणि जिथं राहतात तिथलीही नाहीत, पण आपल्यासारख्याच फिरत्या मुलांमध्ये ती लगेच रमतात. फौजी मुलांचं अगदी तसंच असतं. तू मूळचा कुठला या प्रश्नाला त्यांना पटकन उत्तर देता येत नाही, पण दुसऱ्या फौजी मुलाला दोन वाक्यांत ओळखतात.

फक्त याच गुणांना दुसरी बाजू असते. पटकन मैत्री करणारं मूल पटकन सोडतंही, मोठेपणी नात्यात पहिली अडचण आली की निघून जायचं मनात येतं, एका गावात दोन-तीन वर्षं झाली की पाय खाजायला लागतात. सगळीकडे जुळवून घेणाऱ्या मुलाला स्वतःला काय हवंय ते सांगता येत नाही. गुण आणि दुखणं एकाच मुळातून येतं, आणि मूल लहान असताना त्याच्या दुःखाला जागा मिळाली असेल तर गुण टिकतो आणि दुखणं कमी होतं, असा माझा ठाम अनुभव आहे. शूर आहेस म्हणून पाठ थोपटणं वाईट नाही, पण जर घरात फक्त शूरपणाचंच कौतुक होत असेल तर मूल बाकीचं सगळं लपवतं. अमेरिकेत 1986 पासून एप्रिल महिना सैनिकांच्या मुलांचा म्हणून पाळतात, संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांनी तो सुरू केला, चांगलंच आहे, कुणीतरी त्यांच्याकडे बघतंय. घरात मात्र कौतुकाआधी ऐकणं हवं.

आणखी एक बदली असते जिच्याबद्दल कुणी सावध करत नाही, निवृत्तीची. वडील वर्दी उतरवतात, कुटुंब छावणीबाहेर राहायला येतं, आणि मुलांना पहिल्यांदा अशा शेजारात राहावं लागतं जिथं कुणालाच त्यांचं आयुष्य माहीत नाही, गेटवर कुणी ओळखत नाही, संध्याकाळी मैदानावर आपोआप जमणारी पोरं नाहीत. वडील स्वतः हरवलेले असतात त्यामुळे मुलांकडे लक्ष जात नाही. त्याची तयारी एक वर्ष आधी सुरू करा.

आता एका जागी ठेवावं का. माझं मत असं आहे. लहान मुलांसाठी, साधारण दहा-अकरा वर्षांपर्यंत, शाळा एक असण्यापेक्षा आई-बाबांपैकी निदान एक जण जवळ असणं जास्त महत्त्वाचं, म्हणून शाळा बदलली तरी चालेल, पण फक्त शाळा बदलू नये म्हणून इतक्या लहान मुलाला होस्टेलला ठेवायला मी सहसा हो म्हणत नाही. चौदाव्या वर्षी गणित उलटं होतं. तिला मैत्रिणी आणि शाळा यांची सलगता लागते, आणि शाळेची शेवटची वर्षं समोर असतील तर एका ठिकाणी राहणं योग्य आहे. नाहीतरी वडील फील्डला असणार आहेत, तेव्हा आईने दोन्ही मुलांसह एकाच गावी दोन-तीन वर्षं राहणं हा या कुटुंबासाठी मला सगळ्यात चांगला मार्ग वाटतो. गाव कुठलं यात मुलीला खरं मत द्या. नुसतं विचारल्यासारखं करून आधीच ठरवलेलं सांगू नका, तिला ते लगेच कळतं. दोन पर्याय असतील तर दोन्ही तिच्यासमोर ठेवा, शाळा तिला बघू द्या. आयुष्यभर आदेशावर घर हललेलं असतं, त्यात एकदा तरी तिचा निर्णय असू दे. होस्टेलच हवं असेल तर ते तिने मागितलेलं असावं आणि परत यायचा रस्ता उघडा असावा.

बाहेरची मदत कधी घ्यायची ते सांगते. वडील गेल्यावर पहिले काही आठवडे झोप बिघडणं, अंथरूण ओलं होणं, चिकटून राहणं, मार्क घसरणं हे होतंच. सहा आठवड्यांनंतर पण कमी न होता वाढत असेल, मूल खेळणंच सोडून देत असेल, मुलगी जेवण टाळत असेल किंवा खोलीतून बाहेर येत नसेल, अभ्यास एकदम कोसळला असेल, तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा, युनिटच्या व्यवस्थेत जावंसं वाटत नसेल तर बाहेरच्या. मरण्याबद्दल बोलणं किंवा स्वतःला इजा करणं दिसलं तर सहा आठवडे, सहा दिवस काही थांबू नका, त्याच दिवशी जा आणि तोवर मुलाला एकटं सोडू नका. आणि वडिलांना कळवू का नको, ते तिकडे काळजी करतील, हा विचार बाजूला ठेवा. त्यांना कळवा. नंतर कळलं की त्यांना जे वाटतं ते मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय, आपल्याला घरातून वगळलं असंच वाटतं, आणि मग परत आल्यावर ती दरी भरायला फार वेळ जातो.